आडवी बाटली आणि मुंबईतल्या बायका

गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायला बायका उठल्या, त्या प्रकरणाचा निकाल आधीच सांगून टाकतो. दुकान बंद झालं नाही. ते अजून चालू आहे आणि संध्याकाळी पाचनंतर तिथे उभं राहायला जागा नसते. तरीही हे लिहून ठेवावंसं वाटलं, कारण दारूबंदी कशासाठी मागितली जाते आणि ती मागणारी माणसं नेमकं काय बोलतात हे मला पुस्तकांपेक्षा त्या सहा-सात महिन्यांत जास्त कळलं. कोरोनाच्या टाळेबंदीच्या आधीची गोष्ट आहे.

गाव दापोली आणि गुहागरच्या पट्ट्यातलं, खाडीच्या मुखाशी. नाव देत नाही. ज्या बायकांबद्दल लिहायचं आहे त्यांना रोज मासळीची पाटी डोक्यावर घेऊन त्याच वाटेने जायचं असतं, आणि दुकानवालाही परका नाही, गावातलाच आहे. पाण्याला लागून खारवीवाडी, तिच्या मागे माडांच्या बागांत भंडारवाडी आणि वर डोंगराच्या पोटाला कुणब्यांची घरं, अशी गावाची मांडणी.

देशी दारूचं सरकारमान्य दुकान, म्हणजे सीएल-थ्रीचा परवाना, बरीच वर्षं गावाबाहेर सागरी महामार्गाच्या कडेला होतं. पत्र्याची शेड, समोर अंडाबुर्जीची गाडी, चार प्लास्टिकच्या खुर्च्या. ज्याला जायचं तो जायचा. पोरांच्या नजरेला ते रोज पडत नव्हतं आणि बायकांनीही त्याच्याशी जुळवून घेतलं होतं.

मग सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. १५ डिसेंबर २०१६ च्या त्या निकालाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला बंदी केली. ३१ मार्च २०१७ ला त्यात दुरुस्ती झाली आणि वीस हजारांपर्यंत लोकवस्ती असलेल्या ठिकाणी हे अंतर २२० मीटर झालं. हेतू चांगलाच होता, पिऊन गाडी चालवणाऱ्यांमुळे होणारे अपघात थांबावेत. पण न्यायालयासमोर कोकणाचा नकाशा नसावा. आमच्याकडचा सागरी महामार्ग, म्हणजे रेवस-रेडी मार्ग, हा राज्य महामार्ग. त्याच्यापासून सरकायचं म्हणजे एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला वाडी. डोंगरावर दारू प्यायला कोण चढतो? दुकान वाडीत आलं. जेटीवरून एसटीच्या थांब्याकडे जाणारी जी एकच वाट आहे, तिच्यावर. ग्रामपंचायतीच्या कुठल्या बैठकीत हा विषय निघाला होता ते नंतर कुणालाच नीट आठवेना.

रस्ता सुरक्षित करायला निघालेल्या निकालाने दारू आमच्या सहाणेपासून हाकेच्या अंतरावर आणून ठेवली.

खजिनदारीण काकींची डायरी

पहिली सभा सहाणेवरच झाली. शिमग्यात पालखी बसते तो हा चौथरा, एरवी त्यावर जाळी शिवायला बसतात. पाऊणशे बायका असतील, पुरुष कडेला उभे. एका निवृत्त गुरुजींनी सुरुवात केली. गांधीजी, राष्ट्रपिता, घटनेचं ४७ वं कलम, मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करणं हे राज्याचं कर्तव्य. सगळं बरोबर होतं. मागून एक बाई उठली आणि म्हणाली, “घटनेत हाय म्हनताव गुरुजी, मग ह्या दुकानाचा कागद कोनी दिला?” गुरुजी खाली बसले.

त्यानंतर बचत गटाच्या खजिनदारीण काकी उठल्या. साठीच्या असाव्यात. हातात एका पतसंस्थेने कधीतरी वाटलेली डायरी, रेक्झिनचं कव्हर कोपऱ्यात फाटलेलं, आत निळ्या शाईने आखलेले रकाने. नाव, तारीख, हप्ता. ज्या तारखेला बोटीचा हिशोब झाला त्या तारखेपुढे त्यांनी बारीक अक्षरात ‘हि.’ लिहिलं होतं. काकींनी भाषण असं केलंच नाही. त्या नुसतं वाचत गेल्या. अमकीचा हप्ता आला, आला, आला, ‘हि.’, नाही, नाही. तमकीचा आला, आला, ‘हि.’, नाही.

मला ते समजायला जरा वेळ लागला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, घरात दमडी येत नाही. त्या दोन महिन्यांत हप्ते चुकायला हवेत ना? ते चुकत नव्हते. सुकट विकून, काजूच्या कारखान्यात बी सोलून बायका भरत होत्या. हप्ता चुकायचा तो बोटीचा वाटा हातात आल्यावर. पैसा नसतो तेव्हा हप्ता येतो आणि पैसा आला की चुकतो, असं उलटं गणित.

त्याचं कारण सगळ्या सभेला ठाऊक होतं, मांडलं मात्र कुणी नव्हतं. बंदीच्या दिवसांत दुकान उधारीवर देतं. वहीत लिहून ठेवतं. ऑगस्टमध्ये बोटी पाण्यात गेल्या, पहिला-दुसरा हिशोब झाला, की खलाशी जेटीवरून घरी यायच्या आधी ती उधारी चुकती करतो, आणि चुकती केल्याच्या आनंदात पुन्हा बसतो. पूर्वी दुकान महामार्गावर होतं तेव्हा माणूस आधी घरी यायचा, आंघोळ करायचा, बायकोच्या हातात काहीतरी पडायचं, मग तो रस्त्याकडे जायचा. आता जेटी आणि घर यांच्यामध्ये दुकान. काकींचं म्हणणं एवढंच होतं: दारू वाईट की बरी ते देव बघेल, पण दुकान ह्या वाटेवर नको.

दारूबंदीच्या बाजूने इतकं नेमकं बोललेलं मी आधी ऐकलं नव्हतं.

परवाना कुणी दिला?

त्या मागच्या बाईचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. कारण तो प्रश्न नवा नाही, दीडशे वर्षांचा आहे, आणि मुंबई इलाख्यात दारूबंदीची मागणी उभी राहिली ती याच प्रश्नातून.

कोकणात दारू इंग्रजांनी आणली असं कुणी म्हटलं तर इथला माड हसेल. माडी, ताडी आणि मोहाची हे इथे फार जुनं. पण १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने सरकार या धंद्यात मालक होऊन बसलं. दारू कुणी गाळायची, कुठे विकायची, मक्ता कुणाला द्यायचा हे सरकार ठरवू लागलं. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत माडा-ताडाच्या झाडांवर जबर कर बसला आणि पिढ्यान्‌पिढ्या माडी काढणारे भंडारी त्याविरुद्ध उभे राहिले. १८९२ च्या मोहडा कायद्याने त्याच दोन जिल्ह्यांत साधी मोहाची फुलं जवळ बाळगण्यावर निर्बंध आले. कातकरी, ठाकर, वारली यांनी रानात वेचलेलं फूल घरात वाळवलं की गुन्हा होऊ लागला. उलट उरणच्या मोठ्या भट्ट्यांतून मोहाचीच दारू मुंबई शहराला राजरोस जात होती. मोहाचा घोट कातकऱ्याच्या झोपडीत गुन्हा आणि मुंबईच्या गुत्त्यात महसूल, असा प्रकार.

सरकारचं म्हणणं असे की कर वाढवला की पिणं कमी होतं. विरोधकांचं म्हणणं सरळ होतं: ज्याच्या तिजोरीत प्रत्येक प्यालाचे पैसे पडतात तो प्याला कमी कसा करेल? १८८० मध्ये जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी लेखी हरकत घेतली. १९०८ च्या उन्हाळ्यात पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झालं, टिळक त्याच्या पाठीशी होते. आता ‘पिकेटिंग’ म्हटलं की गांधीजी आठवतात, पण तरुण पोरं गुत्त्याच्या दारात उभी राहून गिऱ्हाइकांना हात जोडताहेत हे दृश्य पुण्याने त्यांच्या आधी पाहिलं होतं.

राष्ट्रीय चळवळीने यात एक गोष्ट सोयीने सोडून दिली असं मला वाटतं. दारू हा आपला स्वभाव नव्हे, परकीय सत्तेने ती पसरवली, हा तेव्हाचा लाडका मुद्दा. पुण्याच्या पेठांत तो खपून जाई. रत्नागिरीच्या भंडारवाडीत तो कुणी कसा मांडला असता? जिथे माडी हा जातीचा धंदा होता तिथे चळवळीच्या भाषेत सगळी वाडीच परकी ठरत होती. ही फट पुढे मोठी झाली.

गांधीजींनी मुद्द्याचं तोंड फिरवलं. एप्रिल १९३० मध्ये, दांडीनंतर लगेच, त्यांनी बायकांना आवाहन केलं की परदेशी कापड आणि दारू यांच्या दुकानांवर निरोधन करण्याचं काम तुम्ही हाती घ्या. युक्तिवाद घरातून येत होता: पिणारा पुरुष, सोसणारी बाई, म्हणून बोलायचा पहिला हक्क तिचा. गुजरातेत मिठूबेन पेटिट दारूच्या दुकानांसमोर उभ्या राहिल्या. त्या पारशी होत्या, आणि दारूचा व्यापार बऱ्याच अंशी पारशांच्याच हातात होता, म्हणजे आपल्याच लोकांच्या दारात त्या धरणं धरत होत्या. पुढच्या वर्षी गांधीजी लिहून गेले की आपल्याला तासभरासाठी देशाचा हुकूमशहा केलं तर पहिलं काम म्हणजे भरपाई न देता सगळी दारूची दुकानं बंद करू. या वाक्याचे पुढे फलक झाले. मला त्यात ‘भरपाई न देता’ हे शब्द जास्त महत्त्वाचे वाटतात.

पण सगळ्यात झोंबणारा हिशोब मांडला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात. सरकार माणशी १४ आणे शिक्षणावर खर्च करतं आणि त्याच माणसाकडून अबकारीतून दोन रुपयांहून जास्त गोळा करतं. निदान जेवढं पिण्यातून घेता तेवढं तरी शिकवण्यावर घाला, अशी त्यांची मागणी. यात दारू पाप आहे असा सूर कुठेच नाही. हेच आंबेडकर पुढे काँग्रेस मंत्रिमंडळाच्या दारूबंदीवर टीका करत होते, आणि त्यात विसंगती नव्हती. प्रश्न त्यांच्या दृष्टीने तोच होता, सरकारचा पैसा कुठून येतो आणि कशावर जातो.

काकींच्या डायरीची मला इथे आठवण झाली. तोच प्रकार, फक्त इलाख्याच्या जागी एक वाडी.

१९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची सरकारं आली आणि कार्यकारिणीने तीन वर्षांत दारूबंदी करा असं सांगितलं. मग मोठीच पंचाईत झाली. अबकारीचं उत्पन्न बुडालं तर शाळा कशावर चालवायच्या? पोरांचं शिक्षण बापाच्या पिण्यावर चालावं ही गोष्ट गांधीजींना असह्य होती, आणि शाळांनी काही अंशी स्वतःचा खर्च स्वतः काढावा या त्यांच्या मूलोद्योग शिक्षणाच्या कल्पनेमागे या कोंडीचाही वाटा होता. मुंबईचे मुख्यमंत्री होते बाळासाहेब खेर, जन्माने रत्नागिरीचे. अबकारी खातं डॉ. गिल्डर यांच्याकडे, ते पारशी. १ ऑगस्ट १९३९ ला, टिळकांच्या पुण्यतिथीच्या दिवशी, मुंबई शहरात दारूबंदी सुरू झाली. तूट भरायला शहरातल्या स्थावर मालमत्तेवर १० टक्के कर बसवला. म्हणजे गिरणगावातल्या कामगाराची दारू सोडवण्याचा खर्च घरमालकाने सोसायचा. घरमालक खवळले, पारशी समाजातूनही मोठा विरोध झाला.

कोकणाला या मुंबईच्या बंदीशी काय देणंघेणं, असं वाटेल. उलट सगळ्यात जास्त संबंध आपलाच. गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्याची माणसं खच्चून भरलेली, आणि गावातलं घर चालायचं मनीऑर्डरवर. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाबाहेर सावकारी करणारा पठाण उभा, पलीकडे गुत्ता उभा, या दोघांतून जे उरेल ते पोस्टात. दारूबंदीवाले पगाराच्या दिवसाबद्दल बोलत तेव्हा ते नकळत दापोली-संगमेश्वरच्या चुलीबद्दल बोलत होते.

मंत्रिमंडळ नोव्हेंबर १९३९ मध्ये गेलं आणि बंदी ढिली पडली. १९४६ मध्ये खेर पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि मोरारजी देसाई गृहमंत्री. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि एप्रिल १९५० पासून राज्यभर संपूर्ण बंदी. बालसारा नावाच्या एका गृहस्थांनी कायद्याला आव्हान दिलं, ते सर्वोच्च न्यायालयात गेलं. २५ मे १९५१ च्या निकालात कायदा बहुतांशी टिकला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि कोलन वॉटरसारखी प्रसाधनं यांवरची बंदी उडाली. ऐपतवाल्यांसाठी परमिटं होतीच. डॉक्टरचा दाखला आणला की तब्येतीसाठी थोडी प्यायला मुभा. ‘परमिट रूम’ हा शब्द तिथून आला. आज रस्त्यारस्त्यावर ती पाटी दिसते, पण आत बसलेल्या कितीजणांकडे परमिट असतं ते आतल्यांनाच माहीत.

१९६० च्या दशकात वसंतराव नाईकांच्या काळात बंदी सैल झाली, सत्तरीच्या सुरुवातीला देशी दारूची परवानाधारक दुकानं आली. हातभट्टी आवरत नव्हती, पोलिसांचे हप्ते सुरू होते आणि तिजोरीला पैसा हवा होता. कायदा मात्र रद्द झाला नाही. त्याचं नाव बदलून ‘महाराष्ट्र दारूबंदी कायदा’ झालं एवढंच. आमच्या वाडीतल्या दुकानाचा दारू विकायचा परवाना दारूबंदीच्याच कायद्याखाली मिळालेला आहे.

सभेतल्या बाईला हे उत्तर मी सांगितलं. ती म्हणाली, “असं होय.” आणि पाटी उचलून निघाली.

अण्णांचा माड

दुकान बंद करायच्या अर्जावर भंडारवाडीतून सह्या मिळवणं जड गेलं, म्हणून एका संध्याकाळी दोघी-तिघींबरोबर मीही गेलो. अण्णा ऐंशीच्या पुढचे. अंगणातल्या जुन्या माडाच्या खोडाला अजून खाचा दिसतात, एकीवर एक, पाय ठेवायला केलेल्या. त्यांचे वडील दिवसातून दोनदा-तीनदा चढत. पोय कापायची, बांधायची, मडकं लावायचं, पहाटे उतरवायचं. आतून चुना लावलेलं मडकं सूर्य उगवायच्या आत उतरवलं तर नीरा, गोड. उन्हात राहिलं की माडी. एका मडक्यात दोन कायदे, असं अण्णा म्हणाले.

पन्नास साली बंदी आली तेव्हा नीरा काढा, गूळ करा, असं सांगायला खादीवाले आले होते. थोडे दिवस झालं तेही. पण नीरा तासाभरात फसफसायला लागते. ती घेऊन जायला ना गाडी, ना बर्फ. उरली की माडी, आणि माडी म्हणजे पोलीस. अण्णांच्या वडिलांना दोनदा दंड झाला. मग त्यांनी चढणं सोडलं. गावाने मात्र पिणं सोडलं नाही. काळा गूळ आणि नवसागर घालून खाजणात हातभट्ट्या लागल्या. दक्षिणेकडे तर पोर्तुगीजांचं गोवं हाकेवर, तेरेखोलच्या खाडीतून माल यायचा.

“माडाच्या दारूला बेडी आनि बाटलीच्या दारूला बोर्ड,” अण्णा म्हणाले. “तेव्हा आमची बंद केलीत. आता ह्यांची बंद करायला आमची सही मागताव?”

मला उत्तर सुचलं नाही. बरोबरच्या एका वहिनींना सुचलं. त्या म्हणाल्या, “अण्णा, तुमच्या माडीसाठी कोनाच्या बायकोने डोरलं गहाण ठेवलेलं?” अण्णा हसले. बराच वेळ गप्प राहिले. मग सुनेला हाक मारून म्हणाले, सही कर गो.

मी त्या वहिनींच्या बाजूचा आहे, पण अण्णांचा मुद्दा त्यांच्या उत्तराने संपत नाही. सौम्य, ताजी, गावातच मुरणारी आणि गावातच पैसा ठेवणारी गोष्ट कायद्याने आधी मारली, आणि तिच्या जागी कारखान्यातली बाटली आली. दरवर्षी इथल्या बागांत काजूची बोंडं कुजून जातात, आणि बांद्यापलीकडे गोव्यात त्याच बोंडाची फेणी होते, हेही लोक बघतात.

दुकान बंद केल्यावर काय?

विरोधी बाजू दुबळी नव्हती, ते नोंदवायला हवं. दुकान गेलं तर हातभट्टी येईल, हा मुद्दा सगळ्यात मोठा. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. गोव्याचा माल येईल, हा दुसरा. हद्दीवरच्या इन्सुली नाक्यावर कितीही पहारा ठेवा, किती गाड्या उघडून बघणार? तिसरा मुद्दा हळू आवाजात: जत्रेला, क्रिकेटच्या सामन्यांना वर्गणी कोण देतं ते आठवा.

पहिल्या मुद्द्याला काकींनी दिलेलं उत्तर मी शब्दशः टिपून ठेवलं आहे. “हातभट्टी लागली तर आम्ही बायका जाऊन मडकी फोडू, पोलीस आमच्या बाजूला उभे राहातील. ह्या दुकानाच्या बाटलीला हात लावला तर पोलीस आम्हालाच नेतील.” दारूबंदीने बेकायदा दारू वाढते, हे अभ्यासकांचं म्हणणं आहे आणि ते खोटं नाही. पण परवान्याने बाईच्या हातातलं एक हत्यार काढून घेतलं जातं, ही बाजू मला तोवर दिसलीच नव्हती.

मतदान

राज्य सरकारच्या २००८ च्या आदेशाप्रमाणे दुकान बंद करायची रीत अशी: गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी २५ टक्के जणींनी सह्या करून अर्ज द्यायचा, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान नको असेल तर आडवीवर शिक्का. बंदीसाठी निम्म्याहून जास्त मतं लागतात, आणि ती झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त.

यात कोकणाचं मरण आहे. हिशोबापुरतं समजा, यादीत १००० बायका आहेत. आडवीला ५०१ हव्यात. त्यातल्या साडेतीनशे विरार, नालासोपारा, डोंबिवलीला राहतात. नाव गावात, बिऱ्हाड मुंबईत, हे आपल्याकडे घरोघरी. गावात उरल्या ६५०. त्या सगळ्या आल्या तरी त्यांच्यातल्या शंभरातल्या सत्त्याहत्तर जणींनी आडवीवर शिक्का मारायला हवा. आजारी, बाळंतीण, लग्नाला गेलेली, नवऱ्याने जाऊ न दिलेली, या सगळ्या न मागता उभ्या बाटलीच्या बाजूला मोजल्या जातात. आमदार असा निवडायचा ठरवला तर कोकणात एकही निवडून येणार नाही.

मतदान पावसात झालं, भर आषाढात. शाळेच्या व्हरांड्यात छत्र्यांचा ढीग. आत जाताना काही जणी शेजारणीला विचारत होत्या, “बंद म्हंजे आडवी ना?” दुकानवाल्याची आईही आली, एका कोपऱ्याला उभी राहिली, मत देऊन कुणाशी न बोलता गेली. संध्याकाळी मोजणी झाली. आडव्या बाटलीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातात मावत नव्हता, उभीचा दोन बोटांत धरता येत होता. तरी निम्म्याला कमी पडल्या. अधिकाऱ्यांनी आकडा वाचला, ठराव नामंजूर म्हणून सांगितलं, कागदावर सह्या घेतल्या. ते काही चुकीचं वागले नाहीत. नियमच तसा.

बायका व्हरांड्यात बसूनच राहिल्या. कुणीतरी म्हणालं, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला मुंबईहून खासगी बसगाड्या भरून माणसं आणतात, येण्याजाण्याचं भाडं आणि वर जेवण. ह्या मतदानाला एकही गाडी आली नाही. मुंबईला गेलेल्यांची नावं यादीतून काढा, असा एक उपाय निघाला, पण तो तिथेच मेला. नाव काढायचं म्हणजे रेशनकार्ड, सातबारा, भावकीतला हक्क, सगळ्याला धक्का लागेल अशी भीती. ती पुष्कळशी निराधार आहे, पण भीतीच ती. शिवाय पंचायतीच्या निवडणुकीत तीच नावं लागतात, त्यामुळे पुढारी त्यांना हात लावू देणार नव्हतेच.

पुढच्या शिमग्याला मी गावी गेलो. पालखी सहाणेवर बसली होती, ढोल चालू होते, मुंबईकरांची गर्दी. काकी नेहमीसारख्या ओटी भरायच्या रांगेजवळ बसल्या होत्या आणि मांडीवर तीच डायरी. मला वाटलं गटाचे हप्ते गोळा करताहेत. जवळ जाऊन पाहिलं तर हप्त्यांची पानं संपवून मागच्या कोऱ्या पानांवर नवे रकाने आखले होते. नाव, मुंबईत कुठे, फोन, गणपतीला येतात की शिमग्याला. ओटी भरून परतणाऱ्या एकेका सुनेला त्या थांबवत होत्या.

“तू नालासोपाऱ्याला ना गो? किती दिवस हायस?”